कामाची शिस्त येते कुठून?

नोकरीसाठीच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात एक वाक्य असतं: मी मेहनती आणि जबाबदार आहे. लिहिणाऱ्याला ते लिहायला काही पडत नाही आणि वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. पदवीचा कागद पडताळता येतो, संगणक कितपत येतो हे दहा मिनिटांत कळतं. पण हा माणूस सहा महिन्यांनी, नव्याची नवलाई संपल्यावर, साहेब रजेवर असताना काम कसं करील, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेलं नसतं. करिअरचा बराचसा निकाल मात्र तिथेच लागतो.

याला पुरावाही आहे. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या अमेरिकी संशोधकांनी १९९१ मध्ये शंभराहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. माणसाच्या स्वभावाच्या पाच मुख्य पैलूंपैकी कोणता पैलू कामातल्या यशाशी जुळतो, हा त्यांचा प्रश्न होता. बोलका, माणसांत रमणारा स्वभाव व्यवस्थापकांना आणि विक्रेत्यांना उपयोगी पडत होता, इतरांना फारसा नाही. डॉक्टर-वकिलांसारखे व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल-अर्धकुशल कामगार या पाचही गटांत उपयोगी पडलेला पैलू एकच निघाला, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. घेतलेलं काम पुरं करणं, व्यवस्थितपणा आणि भरवशाचं असणं हे सगळं त्यात येतं. हा संबंध माफक ताकदीचा होता, म्हणजे कर्तव्यदक्ष माणूस हमखास यशस्वी होतोच असं नाही. पण क्षेत्र कोणतंही असो, हा गुण वाया जात नाही.

इथवर बहुतेकांना पटतं. पुढे मात्र घोटाळा होतो. 'ते अंगातच असावं लागतं' असं आपण म्हणून मोकळे होतो. एखादा जन्मजात कामसू आणि दुसरा जन्मजात कामचुकार, अशी वाटणी करून टाकली की शिकण्यासारखं काही उरत नाही. स्वभावाचा वाटा असतो हे खरं. पण त्याच माणसाला एका कचेरीत पाट्या टाकताना आणि दुसऱ्या कचेरीत जीव ओतून काम करताना आपण पाहतो, तेव्हा स्वभावाबाहेरही काहीतरी आहे हे मान्य करावं लागतं. ते काय आहे हे समजून घ्यायला मुंबईसारखी जागा नाही आणि डबेवाल्यांसारखं उदाहरण नाही.

डब्याचा प्रवास

महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये शंभरेक माणसांना घेऊन मुंबईत डबे पोचवण्याचं काम सुरू केलं. गिरण्या, बँका आणि सरकारी कचेऱ्यांमुळे शहरात देशभरातून माणसं येत होती. प्रत्येकाची जात, धर्म, प्रांत वेगळा आणि जेवणाची रीतही वेगळी. घरचं अन्न दुपारी कामाच्या जागी मिळावं ही त्यांची गरज होती. डबे वाहणारी माणसं आली ती मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले, संगमनेर या पट्ट्यातून. भाऊबंद आणि गाववाले एकमेकांना घेऊन येत गेले. १९५६ मध्ये 'नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स' या नावानं त्यांच्या संस्थेची नोंदणी झाली. भरभराटीच्या काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज अंदाजे दोन लाख डबे पोचवत होते. यातल्या बहुतेकांचं शिक्षण आठवीच्या आसपास थांबलेलं.

त्यांचा दिवस पाहिला की शिस्त कशाला म्हणतात ते कळतं. सकाळी नऊच्या सुमाराला डबेवाला आपल्या ठरलेल्या घरांतून डबे गोळा करतो, साधारण पंचवीस-तीस. सायकलवरून किंवा हातगाडीवरून ते जवळच्या स्टेशनवर येतात. तिथे गटातले सगळे मिळून डबे उतरायच्या स्टेशनांप्रमाणे वेगळे करतात आणि लांबट लाकडी क्रेटमध्ये रचतात. भरलेल्या क्रेटचं वजन साठ किलोच्या घरात जातं आणि ते डोक्यावर घेऊन लोकलच्या मालडब्यात चढायचं असतं. मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. उतरल्यावर पुन्हा वाटणी होते, या वेळी इमारतींप्रमाणे, आणि साडेबारा-एकपर्यंत डबा टेबलावर पोचतो. जेवणं झाली की रिकामे डबे गोळा करून सगळा प्रवास उलट दिशेनं होतो. एका डब्याला दिवसभरात अनेक हात लागतात. घरून डबा घेणारा आणि ऑफिसात पोचवणारा यांची त्या दिवसात गाठही पडत नाही.

डब्यावर ग्राहकाचं नाव नसतं, पत्ताही नसतो. झाकणावर रंगानं रंगवलेली काही अक्षरं आणि आकडे असतात. एक अक्षरगट डबा कोणत्या स्टेशनवरून निघाला ते सांगतो, जसं विलेपार्ल्यासाठी 'व्हीएलपी'. मधला ठळक आकडा उतरायचं स्टेशन दाखवतो. कडेच्या खुणेत पोचवणाऱ्याचा क्रमांक, इमारतीची आद्याक्षरं आणि मजला एवढंच मावतं. रस्त्याचं नाव, खोली क्रमांक, फोन यांतलं काहीच त्यावर नाही. धावपळीत नजर टाकताच जेवढं वाचता येईल तेवढंच लिहिलेलं आहे. बाकीचं ज्या त्या भागातल्या माणसाच्या डोक्यात असतं.

या कामाबद्दल एक दंतकथा पसरली आहे, ती इथेच बाजूला ठेवू. डबेवाल्यांना जवळजवळ शून्य चुकांसाठीचं 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र मिळालं आहे आणि ते 'फोर्ब्स' मासिकानं दिलं, असं भाषणांतून नेहमी सांगितलं जातं. 'फोर्ब्स'नं १९९८ मध्ये त्यांच्यावर लेख छापला, एवढं खरं. चुका अत्यंत कमी होतात असं त्यात म्हटलं होतं, पण तो डबेवाल्यांचा स्वतःचा अंदाज होता. मासिकानं मोजणी केली नव्हती आणि प्रमाणपत्र तर दिलंच नव्हतं. दंतकथेची इथे गरजही नाही. ग्राहक वर्षानुवर्षं महिन्याचे पैसे देत राहतात, कारण त्यांचा डबा वेळेवर येतो. याहून मोठा दाखला कुठल्याही मासिकाला देता येणार नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलनं २०१० मध्ये या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण प्रसिद्ध केलं. अभ्यास करणारे प्राध्यापक स्टेफान थॉम्के यांना तंत्रज्ञानाचं नवल वाटलं नाही, कारण ते तिथे जवळजवळ नव्हतंच. असामान्य गुणवत्ता असलेली माणसं गोळा न करताही व्यवस्था नीट लावली तर साधी माणसं असामान्य काम करून दाखवतात, हा त्यांना गवसलेला धडा होता. आपल्याला हव्या असलेल्या उत्तराची सुरुवात इथूनच होते.

चार आधार

या पाच हजार माणसांना कुणी स्वभावचाचणी घेऊन निवडलेलं नव्हतं. कुणी मामाच्या ओळखीनं आला, कुणी शेतीत भागेना म्हणून. तरीही चोखपणा टिकला, कारण तो चार आधारांवर उभा होता.

पहिला आधार आहे समोरचं माणूस. डबेवाल्याचं काम कुणाच्या तरी जेवणाशी बांधलेलं आहे. चूक झाली तर एक विशिष्ट माणूस त्या दुपारी उपाशी राहतो, किंवा मधुमेहाचं पथ्य पाळणाऱ्यापुढे भलताच डबा येतो. बहुतेक डबेवाले वारकरी परंपरेतले. अन्न पोचवणं ही सेवा आहे, अशी त्यांची सांगण्याची रीत आहे. या विचाराची मुळं आपल्याकडे खोल आहेत. तेराव्या शतकात अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातल्या कामालाच विठ्ठलाची भक्ती मानलं. ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये युरोपातल्या प्रोटेस्टंट पंथांबद्दल असाच मुद्दा मांडला होता: नेमून दिलेलं ऐहिक काम हीच ईश्वराची हाक, असं मानणाऱ्यांच्या हातून शिस्तीचं, हिशेबी काम होत गेलं. श्रद्धा असो वा नसो, कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे हे दिसलं की हात आपोआप नीट चालतो.

दुसरा आधार ठरलेल्या वेळेचा. लोकल कुणासाठी थांबत नाही आणि जेवणाची सुट्टी पुढे ढकलता येत नाही. डबेवाल्याला चालढकल करायला जागाच उरत नाही, कारण त्याच्या दिवसाला बाहेरून घातलेल्या चौकटी आहेत. २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आले, तेव्हाही भेटीची वेळ डब्यांच्या वेळापत्रकात बसवली गेली होती.

तिसरा आधार वाट्याचा. डबेवाला कुणाचा नोकर नाही. वीस-पंचवीस जणांचा एक गट, त्यावर अनुभवी मुकादम. गटाचे ग्राहक गटाचे आणि खर्च वजा जाता उरलेलं उत्पन्न सगळ्यांत वाटून घ्यायचं. नव्यानं येणाऱ्याला आधी काही महिने उमेदवारी करावी लागते, मग भांडवलाचा वाटा भरून तो भागीदार होतो. त्यामुळे एकानं टंगळमंगळ केली की नुकसान सगळ्यांचं होतं आणि ते सगळ्यांना लगेच दिसतं. कामावर दारू किंवा तंबाखू, डोक्यावर टोपी नसणं, न सांगता दांडी मारणं यांसाठी दंड आहे. दंड करणारेही त्याच्यासोबत क्रेट उचलणारेच असतात.

चौथा आधार ताबडतोब होणाऱ्या तपासणीचा. डबा चुकला तर त्याच दुपारी कळतं आणि कोणत्या टप्प्यावर चुकला हेही शोधता येतं. वर्षाअखेरच्या मूल्यमापनाची वाट पाहावी लागत नाही. हाच आधार 'लिज्जत'च्या कामात अधिक ठळक दिसतो. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, चांगले नेहमीच्या दरानं आणि डावे स्वस्तात. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी ते थांबवायला सांगितलं. प्रत एकच असेल आणि तिच्यात तडजोड होणार नाही, असं ठरलं. हा निर्णय साधा वाटतो, पण त्यामुळे 'चालेल, स्वस्तात विकू' ही पळवाट कायमची बंद झाली. पुढे काम हजारो घरांत पसरलं, तरी पद्धत तीच राहिली. सकाळी शाखेतून भिजवलेलं पीठ न्यायचं आणि आदल्या दिवशी लाटलेले, वाळवलेले पापड आणून द्यायचे. तिथेच वजन होतं, तिथेच प्रत पाहिली जाते आणि मजुरीही रोजच्या रोज मिळते. कालच्या कामाचा निकाल आज हातात पडत असेल तर उद्याचं काम सुधारतं. वर्षातून एकदा मिळणाऱ्या शेऱ्यानं ते होत नाही.

माणूस, वेळ, वाटा आणि तपासणी. हे चार आधार काढून घेतले तर उत्तम स्वभावाचा माणूसही हळूहळू सैल पडतो. ज्या कार्यालयात अहवाल कोण वाचतं हे ठाऊक नाही, मुदत कायम पुढे सरकते, चांगल्या-वाईट कामाला एकच पगार आहे आणि चूक वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही, तिथे उत्साहानं आलेला तरुण तीन वर्षांत पाट्या टाकायला लागला तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

तास किती भरावेत?

'इन्फोसिस'चे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर वाद झाला. कामाची निष्ठा आणि कामाचे तास या दोन गोष्टींची आपण इतकी गल्लत करतो की उशिरापर्यंत दिवा जळणारं टेबल पाहिलं की बसणाऱ्याला आपण कामसू ठरवून टाकतो.

तासांचा हिशेब मांडायला पहिल्या महायुद्धातली एक जुनी नोंद कामी येते. ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत तेव्हा अतिशय लांब पाळ्या चालत. कामगारांत स्त्रियाही मोठ्या संख्येनं होत्या. या कामगारांच्या आरोग्यासाठी १९१५ मध्ये नेमलेल्या समितीनं किती तास काम झालं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी ठेवल्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी त्या आकड्यांचं विश्लेषण केलं. आठवड्याला पन्नासेक तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढत होता. पुढे प्रत्येक जादा तासाची कमाई घटत गेली. ७० तास काम केलेल्या आठवड्यातला माल ५६ तासांच्या आठवड्याहून फारसा जास्त नव्हता. म्हणजे शेवटचे चौदा तास दमलेल्या शरीरानं जवळपास फुकट घातले होते. हे यंत्रावरचं, मोजता येणारं काम होतं. हिशेब तपासणं, रेखाटन करणं, संगणकाचा प्रोग्राम लिहिणं अशा डोक्याच्या कामात दमलेला माणूस माल तर कमी काढतोच, शिवाय चुका घुसवतो. त्या निस्तरायला दुसऱ्या दिवसाचे तास जातात.

सरावाबद्दलही हेच आहे. दहा हजार तास घासलं की कुणीही निष्णात होतो, हे वाक्य आपण ऐकलेलं असतं. माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ मधल्या पुस्तकामुळे ते जगभर पसरलं. पण ज्यांच्या संशोधनाच्या आधारावर ते उभं आहे, ते अँडर्स एरिकसन या अर्थाला कधी राजी नव्हते. एरिकसन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. सर्वोत्तम विद्यार्थी एकट्यानं, आपल्या कच्च्या जागा हेरून सराव करत. तो दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास भरत असे आणि त्याचे तुकडे पाडलेले असत, मध्ये विश्रांती घेऊन. हे विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त झोपत आणि दुपारी डुलकीही काढत. आपल्याकडच्या रियाजाची जुनी रीतही याला परकी नाही. चांगला गुरू शिष्याला एकच पलटा घोटायला लावतो, पण न ऐकता घोटू देत नाही.

डबेवाल्यांकडे पुन्हा पाहा. त्यांचा दिवस कष्टाचा आहे, पण त्याला शेवट आहे. संध्याकाळी डबे घरी पोचले की काम संपलं. दर वर्षी चैत्रात गावच्या जत्रेसाठी ते काही दिवस सगळे मिळून सुट्टी घेतात आणि ग्राहकांना आधी कळवतात. गटात एक-दोन जास्तीची माणसं ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला किंवा डब्यांचा ढीग वाढला तर ती पुढे होतात. प्रत्येकाला पेलेल त्याच्या काठोकाठ काम दिलं तर एक गाडी चुकताच सगळं कोलमडेल, हे त्यांना पुस्तकं न वाचता उमगलेलं आहे. थोडी मोकळी जागा ठेवणं हा आळस नाही, वेळ पाळण्याची ती पूर्वअट आहे.

'नाही' म्हणण्याची शिस्त

डबेवाल्यांची एक सवय पाहुण्या अभ्यासकांना चकित करून गेली. डबा ठरल्या वेळी भरून तयार ठेवणं हे ग्राहकाचं काम. एखादं घर पुन्हा पुन्हा उशीर करत असेल, सांगूनही सुधारत नसेल, तर डबेवाला ते गिऱ्हाईक सोडतो. पैसे देणारं गिऱ्हाईक सोडणं वरकरणी धंद्याच्या विरुद्ध आहे. पण एका घराच्या दहा मिनिटांसाठी गाडी चुकली तर उरलेल्या सगळ्या घरांशी केलेला करार मोडतो.

नोकरीत नव्यानं लागलेल्या माणसाला हे सर्वात कठीण जातं. येईल त्या कामाला 'हो' म्हणणं म्हणजे निष्ठा, असं त्याला वाटतं. मग पाच कामं हातात, पाचही अर्धवट आणि पाच जणांकडे पाच निमित्तं. अशा माणसाचा हेतू कुणी वाईट म्हणत नाही, पण त्याच्यावर कुणी विसंबूनही राहत नाही. 'हे शुक्रवारपर्यंत होईल, आजचं आज हवं असेल तर आधीचं काम बाजूला ठेवावं लागेल, कोणतं ठेवू?' असं वरिष्ठांना वेळीच विचारणारा अधिक भरवशाचा ठरतो. आरंभशूर माणसांनी कचेऱ्या भरलेल्या असताना घेतलेलं थोडंच काम तडीला नेणारा चटकन नजरेत भरतो.

कष्ट कुठे पुरत नाहीत

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. मार्च २०२० मध्ये करोनामुळे टाळेबंदी आली, लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या. एकशे तीस वर्षं चाललेलं काम एका आठवड्यात थांबलं. अनेक डबेवाले मावळात, जुन्नरला, खेडला परतले आणि शेतात किंवा मिळेल त्या मजुरीवर राबू लागले. पुढे कचेऱ्या उघडल्या, पण घरून काम करण्याची पद्धत बरीचशी राहून गेली. मोबाइलवरून जेवण मागवण्याची सवयही पक्की झाली. डबेवाल्यांची आणि डब्यांची संख्या पूर्वीच्या तुलनेत खूपच घटली. त्यांच्या चोखपणात कणभरही उणं नव्हतं. घटली ती त्यांच्या कामाची मागणी.

याचा अर्थ स्वच्छ आहे. कामाची निष्ठा तुम्हाला तुमच्या कामात वर नेईल, पण ते कामच उद्या राहील याची हमी ती देत नाही. टंकलेखनात पारंगत असलेल्या कितीतरी कारकुनांचं संगणक आल्यावर हेच झालं. म्हणून आजचं काम चोख करण्याइतकीच, कामाचं वारं कुठे वाहतंय हे पाहण्याची आणि नवं शिकण्याची वेळही शिस्तीत बसवावी लागते.

दुसरा इशारा मालकांसाठी आणि नोकरांसाठी सारखाच आहे. निष्ठेचं कौतुक करून तिची किंमत न देणारी जागा फार काळ निष्ठा मिळवू शकत नाही. डबेवाल्यांच्या चोखपणामागे वाट्याचा आधार होता हे विसरून फक्त त्यांच्या टोपीचे आणि वेळेचे गोडवे गाणारी व्याख्यानं अर्धीच गोष्ट सांगतात. तुमच्या कामाचा वाटा पगारात, बढतीत, श्रेयात किंवा निदान शिकण्यात तुम्हाला मिळत नसेल, तर जागा बदलण्याचा विचार करणं म्हणजे निष्ठा सोडणं नव्हे.

आपल्या टेबलापाशी

चारही आधार आयते मिळाले तर उत्तमच. बहुतेकांना ते मिळत नाहीत. तेव्हा आपल्यापुरते ते उभे करता येतात आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

समोरचं माणूस शोधा. तुम्ही भरता तो तक्ता पुढे कोणाकडे जातो, हे एकदा त्या माणसाला प्रत्यक्ष भेटून विचारा. त्याला त्यातला कोणता रकाना लागतो आणि कोणत्या चुकीनं त्याचा अर्धा दिवस जातो, हे कळलं की तोच तक्ता तुम्ही वेगळ्या हातानं भराल.

वेळ स्वतः ठरवा आणि ती सांगून टाका. मनात ठरवलेली मुदत मोडायला काही लागत नाही, दुसऱ्याला सांगितलेली मोडताना जीभ अडखळते. ठरवताना 'लवकर करीन' असं मोघम ठेवू नका. 'सकाळी चहा झाला की मेल उघडण्याआधी अहवालाचं पहिलं पान लिहीन' असं प्रसंगाशी जोडून ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलं आहे की 'अमुक झालं की तमुक करीन' अशा रीतीनं आखलेला संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा प्रत्यक्षात उतरतो. कारण करावं की न करावं हा निर्णय ऐन वेळी घ्यावा लागत नाही.

तपासणी जवळ आणा. काम हातावेगळं करण्यापूर्वी नेहमी होणाऱ्या चार चुकांची चिठ्ठी समोर ठेवून एकदा पाहा. महिन्यातून एकदा वरिष्ठांना किंवा जाणत्या सहकाऱ्याला विचारा की गेल्या महिन्यातलं कोणतं काम कमी पडलं. 'माझं काम कसं वाटतं?' असं विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर मिळतं. एका ठरावीक कामाबद्दल विचारलं तर खरं उत्तर मिळतं. आणि चूक सापडली तर ती आपणहून, लवकर सांगा. सकाळी कळवलेली चूक दुपारी दुरुस्त होते. लपवलेली चूक ग्राहकापर्यंत जाते.

नोंदी सोप्या ठेवा. डब्याच्या झाकणावर मावेल एवढंच लिहायची पद्धत कचेरीतही चालते. तुम्ही रजेवर असताना दुसऱ्याला फाइल उघडताच पुढची पायरी कळली पाहिजे. आपल्यावाचून काम अडतं याचा अभिमान बाळगणारे पुष्कळ असतात. व्यवस्थापनाला मात्र तो धोका वाटतो, आणि बढतीच्या वेळी 'हा इथून हलला तर काम अडेल' म्हणून त्याच माणसाला जागच्या जागी ठेवलं जातं.

वाटा मागायलाही शिका. वर्षभरात तडीला नेलेल्या कामांची तारखांसह यादी ठेवा. पगारवाढीच्या किंवा नव्या नोकरीच्या बोलण्यात 'मी मेहनती आहे' या वाक्यापेक्षा ती यादी अधिक ऐकली जाते. आणि काम संपवण्याची वेळ काम सुरू करण्याच्या वेळेइतकीच काटेकोर पाळा.

यातलं सगळं एकदम करायला जाऊ नका, तसं करणारा आठवड्याभरात थकतो. सध्या तुमच्या कामाला चारपैकी कोणता आधार नाही ते ओळखा आणि या महिन्यात तेवढा एकच उभा करा. आपण मुळात आळशी आहोत की कामसू, या प्रश्नावर रात्री घालवण्यात अर्थ नाही. उद्या कोणाचं कोणतं काम किती वाजेपर्यंत पुरं करणार, हे आज लिहून ठेवा आणि त्या माणसाला कळवा.